दिपमालाची पकड

७ जुलै, सोमवार

चेंडू आहे का दुधीभोपळा! हातातून निसटतो, खाली पडला की कुठं उडेल काही पत्ता नाही. आणि त्याच्यामागं तीस पोरी, चिखलात. माझी दिपू सगळ्यात बारकी.

रगबी म्हणे. शाळेतला खेळाचा भटू सर बोलला – ताई, हा जगातला खेळ आहे. जगातला आहे ना, मग जगात खेळा. धुळ्यात काय काम त्याचं?

पुढं पळायचं आणि चेंडू मागं फेकायचा! पुढं फेकला तर शिट्टी. आणि ज्या पोरीच्या हातात चेंडू तिला बाकीच्यांनी पकडून आडवं पाडायचं. हे बापाचे पैसे भरून शिकायचं. आम्ही लहानपणी असं फुकटात करायचो आणि वरून मार खायचो.

शाळेची मोठी टीम आहे, बारा जणी, नववी-दहावीच्या. दोनदा जिल्हा जिंकल्या. दोघी दहावी होऊन गेल्या, त्यांच्या जागी आठवीतल्या दोघी घेणार. तीसमधून दोन. दीड महिना पोरी घडवणार म्हणतो सर. मडकी आहेत का घडवायला?

आम्हा आयांना एकेक वही दिली. पोरीनं काय खाल्लं, किती झोपली, किती पाणी प्याली – रोज लिहायचं, शनिवारी सर बघणार. पुढून लिहीन सरासाठी. मागून हे माझं. सातवीनंतर आज पहिल्यांदा एवढं लिहिलं. बोट दुखतं.

८ जुलै, मंगळवार

पुढच्या पानावर लिहिलं – दूध अर्धा लिटर, अंडी दोन, केळी दोन. खरं – वरण, कळण्याची भाकरी, ठेचा. सराला काय कळतं!

१२ जुलै, शनिवार

सरानं वही बघितली. "छान ताई, असंच चालू ठेवा." मला हसू आवरेना. शिट्टी गळ्यात, पोट पुढं. म्हणे पुण्याला आठ दिवस शिबिर करून आला, बाकीचं मोबाईलवर बघतो. पोरींना मोबाईल दाखवतो – बघा, हे न्यूझीलंडचे. तिथले गडी बैलासारखे! आणि इथं आमच्या पोरी, एका टॅकलला, म्हणजे एकदा पाडलं की, तीन दिवस पाठ शेकतात.

मैदानाच्या कडेला मी आणि रईसा बसतो. तिची जीनत दिपूच्याच वर्गात. रईसाचं शिलाईचं दुकान आहे, नवरा गॅरेजात. बाकीच्या आया मोबाईलमध्ये तोंड घालून. रईसा मात्र पूर्ण वेळ हात जोडल्यासारखी बसते, ओठ हलत असतात. पोरगी पळाली की हिचा श्वास बंद.

मी म्हटलं, दुवा काय मागते, ती पळतेय ना वाऱ्यासारखी.

"भाभी, पळते म्हणूनच मांगती. जो पळते, उसीको सब पकडते."

जीनत खरंच पळते. पाय दिसत नाहीत.

१५ जुलै, मंगळवार

आज पडली.

मोठ्या टीमच्या पोरी बारक्यांबरोबर खेळवल्या. प्रमिला नावाची एक आहे दहावीतली, मोठी थोराड. दिपू तिच्यासमोर डोकं खाली घालून गेली, सरळ गुडघ्यावर! धप्प आवाज इथपर्यंत आला. दिपू उठली, पण भलत्याच बाजूला चालत गेली. स्वतःच्या टीमकडं पाठ करून. ओठ फाटलेला.

मी पळत आत गेले. सर म्हणे – ताई, पालकांनी लाईनच्या आत यायचं नाही.

मी म्हटलं, पोरीला आपली बाजू कळेना, आणि तुला तुझी लाईन दिसते!

"काही नाही ताई, चक्कर आहे. ग्लुकोज द्या."

ग्लुकोज! सगळ्या दुखण्याला ह्याच्याकडं ग्लुकोज.

घरी आल्यावर विचारलं, आज वार कोणता. म्हणाली, सोमवार. मग दोन मिनिटांनी म्हणाली, नाही, मंगळवार. मम्मी, तू काय परीक्षा घेतेस का?

आज दिवा चालू ठेवून तिच्याशेजारीच झोपणार.

१६ जुलै, बुधवार

कामाला जाते त्या मेसमध्ये पोळ्या लाटताना दोनदा हात थांबला. मेसवाली ओरडली.

१७ जुलै, गुरुवार

दिपूचे पप्पा रिक्षा स्टँडवर सगळ्यांना सांगून आले. "प्रेमराज भाऊ, पोरगी पोलिसात जाणार!" असं ते लोक म्हणाले म्हणे. हे खूश! चहा पाजला सगळ्यांना. मी म्हटलं, पोरीची मान मोडली तर पोलिसात कशी जाणार, झोळीत घालून?

म्हणाले – तुझ्या तोंडाला कधी चांगलं येत नाही का?

येतं. चांगलं झालं की येतं.

१९ जुलै, शनिवार

शाळेत गेले. नाव काढायचं म्हटलं. हेडबाई म्हणे, तसं नाही, अर्ज द्या. अर्जात काय लिहू? भीती वाटते असं लिहू? सर मध्ये पडला – ताई, तुमच्या पोरीत दम आहे, हिला मी मोठ्या टीममध्ये बघतोय. तीस आयांना हेच सांगत असेल, त्याचं काय जातं.

चेअरमन साहेब तिथंच होते. पांढरा झब्बा, मिशीला काळा रंग. "आपल्या खान्देशच्या मुली कशातही कमी नाहीत." ह्यांची स्वतःची पोर नाशिकला डॉक्टरकी शिकते. ती नाही आली मैदानात!

अर्ज दिला नाही. पण दिपूला सांगितलं, सोमवारपासून मैदान बंद.

२२ जुलै, मंगळवार

तीन दिवस बोलत नाही. भाकरी अर्धी खाते. मैदानाकडच्या खिडकीतून बघत उभी राहते.

आज म्हणाली, "मम्मी, मी तिथं गेल्यावर माझ्या बारकेपणाला कुणी हसत नाही."

मी म्हटलं, हसत नाहीत, तुडवतात.

"तुडवू दे. मग मी उठते ना."

हे कुणी शिकवलं हिला! त्या पोटवाल्यानंच.

२४ जुलै, गुरुवार

पाठवलं परत. काय करू. घरात मुकी पोर बघवत नाही.

रईसा म्हणाली, "आ गई दिपू? मेरी जीनत अकेली पड़ गई थी." तीन दिवसांत एकटी पडली म्हणे! डब्यातून अंडं काढून दिपूला दिलं. उकडून, सोलून, मीठ लावून. सोलून कशाला, हात नाहीत का तिला? मोठेपणा करायचा एवढंच. दिपूनं खाल्लं, वर तिच्याच ओढणीला हात पुसला. मेली.

२९ जुलै, मंगळवार

रोज बघते.

बघून बघून एक कळलं. पोरी पडतात त्या डोक्यानं. डोकं समोर घालतात. सर ओरडतो, "खाली! खाली वाका!" वाकतात त्या, डोकं मात्र समोरच्याच्या गुडघ्यात. अरे, असं कुणी जनावरसुद्धा धरत नाही!

५ ऑगस्ट, मंगळवार

आज दिपूच्या नाकाला लागलं. रक्त बनियनवर. सर म्हणे बर्फ लावा. प्रगती आहे, ग्लुकोजवरून बर्फावर आला.

मी ठरवलं. खेळायचंच आहे ना? मग माझ्या पोरीला कुणी पाडायच्या आत हिनं त्याला पाडायचं. आणि नीट पाडायचं. राखीला माहेरी जायचंच आहे.

९ ऑगस्ट, शनिवार

माहेर. पिंपळनेरच्या पुढं, एसटी खाली उतरवते तिथून चालत. भावाला राखी बांधली. पुरणपोळी झाली. मग दिपूला घेऊन वाड्यावर – आबाच्या, माझ्या बापाच्या, बकऱ्या. सव्वीस आहेत आता. पावसाळ्याचं औषध पाजायचं होतंच.

मी चौदा वर्षांची असेपर्यंत हेच केलं. शाळा सातवीपर्यंत, पण बकरी धरण्यात मी पहिली! आबा म्हणायचा, रत्नाच्या हातातून बोकडसुद्धा सुटत नाही.

दिपूला दाखवलं. बकरी पळत आली की समोर उभं राहायचं नाही. बाजूनं जायचं. गाल तिच्या बरगडीला चिकटवायचा, डोकं तिच्या पाठीमागं, म्हणजे लाथ नाही लागत, शिंग नाही लागत. एक हात पाठीवरून. दुसरा खालून, मागच्या पायाच्या गुडघ्याखाली. मग पाय उचलायचा. बस! कितीही मोठी असू दे, पाय उचलला की आडवी. जोर लागतच नाही.

पहिल्या दोन सुटल्या, दिपू लेंड्यांत तोंडावर पडली, हसून हसून मेलो आम्ही दोघी. तिसरी पकडली. मग एकामागून एक! सव्वीसच्या सव्वीस! शेवटचा बोकड, शिंगाळ, तोसुद्धा आडवा. औषध आबानं पाजलं.

आबा बघत होता बिडी ओढत. "आंडेरले पहिलवान करानी शे का?" पोरीला पहिलवान करायचंय का म्हणे.

मी म्हटलं, आबा, आता पोरींचा हाच खेळ आहे शाळेत. पोरी पाडायच्या.

आबा म्हणाला, "चार पाय शेतस बकरीले. पोरले दोनच."

मी हसले. म्हटलं, मग तर अजून सोपं!



१२ ऑगस्ट, मंगळवार

पाडली! प्रमिलाला पाडली!

थोराड प्रमिला चेंडू घेऊन आली धाड धाड, आणि माझी पाऊणपट पोर बाजूनं घुसली, गाल कमरेला, खालून हात, पाय वर – आडवी! अशी पडली की मैदान गप्प. मग सर नाचायला लागला. "वा दिपमाला! हे टेक्निक! सगळ्यांनी बघा!" त्याला वाटलं त्याचंच टेक्निक. मोबाईलमधल्या न्यूझीलंडचं! बकऱ्यांचं आहे रे बाबा, पिंपळनेरच्या!

प्रमिला चिखल झटकत उठली, दिपूच्या पाठीवर थाप मारली. "कायवं बारकी, कुठून शिकली?" दिपू माझ्याकडं बघून हसली.

मी पण हसले. लाजवाब वाटलं.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

झेंडावंदन. चेअरमन साहेबांचं भाषण अर्धा तास. उन्हात पोरी चक्कर येऊन पडत होत्या आणि हे नारीशक्ती, नारीशक्ती. मग सरानं मोठ्या पडद्यावर पोरींचा व्हिडिओ लावला. दिपूनं प्रमिलाला पाडलेलं तीनदा दाखवलं, एकदा हळू हळू. टाळ्या. दिपूच्या पप्पांनी शिट्टी मारली, मला मेल्याहून मेल्यासारखं.

चार सप्टेंबरला जळगावला स्पर्धा. तेवीस तारखेला शेवटची निवड. आता शर्यतीत चार जणी उरल्या. दिपू, जीनत आणि दोन. त्या दोन काही कामाच्या नाहीत, एक पळता पळता केस सारखे करते.

१९ ऑगस्ट, मंगळवार

रईसानं दिपूच्या जर्सीला खांद्यावर आतून जाड कापड शिवून आणलं. जीनतच्या जर्सीला पण. म्हणे पडली तर लागणार नाही.

मी म्हटलं, माझी पडत नाही आता.

बोलून गेले. रईसा हसली. "माशाअल्लाह. तो मेरी को भी सिखा दो ना भाभी, क्या सिखाया."

मी म्हटलं, मी काय शिकवणार, सर शिकवतो.

का शिकवू? दोनच जागा आहेत. जीनतची एक तर पक्कीच, पायच तसे आहेत. उरली एक. रईसाचं काय जातं गोड बोलायला.

जाताना कापडाचे पैसे विचारले. घेतले नाहीत. असंच करते ती, मग माणसाला उगाच खाली बघायला लागतं.

२१ ऑगस्ट, गुरुवार

सर सगळ्या आयांना सांगत होता – निवड कोणाचीही होवो, सगळ्या माझ्याच मुली. मग सगळ्या घे ना!

आज दिपूनं चौघींना पाडलं. सारख्याच पद्धतीनं. एकीचा खांदा दुखला, रडली. सर म्हणाला, "रडायचं नाही, हा रगबी आहे." आवडलं मला. पहिल्यांदा काहीतरी शहाण्यासारखं बोलला.

२३ ऑगस्ट, शनिवार



निवडीचा सामना. कपाळावर हात धरून मी बघत होते, ऊन तोंडावर. चेंडू जीनतकडं आला. ती सुटली. दोघींना चुकवलं, तिसरीला चुकवलं. आता दिपू एकटीच समोर. जीनत पूर्ण जोरात. माझ्या तोंडातून निघालं, "धर!" मोठ्यानं! रईसा बाजूला होती.

दिपू बाजूनं घुसली. गाल कमरेला. हात खाली. पाय वर उचलला.

जीनतचा दुसरा पाय पळतच होता. ती हवेत गेली. पाय वर, डोकं खाली. मानेवर पडली.

आवाज झाला. प्रमिलासारखा नाही. वेगळा.

मग ती उठेना.

दिपू तिच्याजवळ बसून हाक मारत होती. "जीनत, ऊठ ना. जीनत." सर शिट्टी वाजवत होता, उगाच, परत परत. रईसा लाईनच्या आत पळाली, तिला कुणी अडवलं नाही. तिनं पोरीला हलवलं नाही, मांडीवर घेतलं नाही. नुसती तिच्या तोंडासमोर मातीवर आडवी झाली, डोळ्यांत डोळे घालून. "अम्मी इधर है. अम्मी इधर है."

रिक्षा आमचीच होती शाळेच्या दारात. त्यात नीट झोपवता येईना म्हणून टेम्पो आणला, बाकावर फळी टाकून.

२४ ऑगस्ट, रविवार

दवाखान्यात गेले होते. आत सोडलं नाही. बाहेर तिचा बाप हसीब भिंतीला टेकून. मानेला पट्टा. डावा हात हलत नाही. डॉक्टर म्हणे सूज उतरल्यावर कळेल, आठ दिवस जाऊ द्या. आठ दिवस!

रईसा बाहेर आली. मला वाटलं अंगावर येईल. म्हणाली, "दिपू कैसी है? डर गई होगी."

 पिशवीत केळी होती ती तशीच परत आणली.

दिपू घरात कोपऱ्यात. जेवली नाही. सारखं एकच – मम्मी, मी फक्त पाय उचलला. मी फक्त पाय उचलला.

मी म्हटलं, तुझी काही चूक नाही. खेळच तसला.

दिपूचे पप्पा म्हणाले, हो, खेळच तसला. त्यांना काय माहीत.

२५ ऑगस्ट, सोमवार

पालकांच्या मोबाईल ग्रुपवर सरानं टाकलं – कमरेच्या वर पाय उचलून पाडणे हे नियमाविरुद्ध आहे, असे कधीही शिकवले गेलेले नाही. आणि पंधरा ऑगस्टचा व्हिडिओ काढून टाकला! तीनदा दाखवलेला! हळू हळू दाखवलेला! तेव्हा ह्याला नियम माहीत नव्हता का? नाचत होता! टाळ्या वाजवत होता! आता अंग झटकतो! भेकड! चार पोरींना ती तसंच पाडत होती, तेव्हा का नाही बोलला? रडायचं नाही म्हणे!

उद्या शाळेत बोलावलंय. दिपूला घेऊन या. तिथं त्याची इज्जत काढते सगळ्यांसमोर.

२६ ऑगस्ट, मंगळवार

हेडबाईंच्या खोलीत. चेअरमन, सर, हसीब, रईसा, आम्ही दोघी.

सर म्हणाला, दिपमाला, खरं सांग बेटा, हे तुला कोणी शिकवलं?

दिपू म्हणाली, कोणीच नाही. मी मनानं केलं.

दिपूनं दोन वर्षं खेळायचं नाही, असं हेडबाईंनी लिहिलं. खाली पालकांची सही. मी केली.

रईसानं दिपूच्या डोक्यावरून हात फिरवला.

मी पेन टेबलावर ठेवलं आणि दिपूला घेऊन बाहेर आले.